सगळं एकाच पुस्तकात

१८७१ साली आपल्याच औरंगाबादेत पंडित हरिकृष्ण यांनी 'क्रीडाकौशल्य' लिहिलं. संस्कृतात, 'बृहज्ज्योतिषार्णव' या मोठ्या ज्योतिषग्रंथाचा भाग म्हणून. बुद्धिबळासकट कितीतरी बैठ्या खेळांचे नियम त्यात एकत्र आहेत. खेळांच्या इतिहासाचे अभ्यासक आजही त्याचा आधार घेतात. पण घरात सोंगट्या कोण पुस्तक वाचून शिकलंय? आजीशेजारी बसायचं, दोन डाव हरायचे, झालं.

असंच दुसरं पुस्तक म्हणजे 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'चं १९९१ सालचं 'रूल्स सायक्लोपीडिया'. या खेळात एक जण गोष्ट चालवतो, बाकीचे त्यातली पात्रं होतात आणि निकाल फासे लावतात. आधी हे नियम बेसिक, एक्स्पर्ट, कंपॅनियन, मास्टर अशा वेगवेगळ्या डब्यांतून मिळायचे. अ‍ॅरन ऑलस्टन यांनी ते ३०४ पानांत बसवले. पहिल्या पातळीच्या नवख्यापासून ३६व्या पातळीच्या वीरापर्यंत; राक्षस, जादू, किल्ले, सैन्यांच्या लढाया, नकाशे, सगळं. जुने खेळाडू या पुस्तकावर जीव टाकतात, आणि मला ते पटतं. नुसती सोय हे कारण नाही. या पुस्तकाला शेवट आहे. आता आणखी काही विकत घ्यायचं नाही, हा दिलासा फार मोठा असतो. ३६वी पातळी आपण गाठणार नाही हे माहीत असतं, तरी ती पानं जवळ हवीत. (नेट-सेटच्या 'ऑल इन वन'मधली शेवटची दोन युनिटं आठवा. कोरी करकरीत!)

पण एकत्र करताना एक गोष्ट गळाली. फ्रँक मेंट्झर यांचा १९८३चा लाल डबा सुरुवातीलाच नियमांची यादी पुढ्यात टाकत नव्हता. आधी एकट्यानं खेळायची गोष्ट. गुहेत अलीना भेटते, जखमा बऱ्या करते आणि थोड्या वेळानं डोळ्यांदेखत मरते. तोवर 'हिट पॉइंट' म्हणजे काय हे तुम्हाला कळलेलं असतं. सायक्लोपीडियात हिट पॉइंट आहेत, अलीना नाही. नियम सगळे आले, शिकण्याचा क्रम मात्र गेला. म्हणून ज्याला खेळ येतो त्याच्यासाठी हे पुस्तक उत्तम, नवख्याच्या हातात मात्र मी ते देणार नाही.

आमच्याकडे हे काम रिव्ह्यू पेपर करतो. पहिल्या वर्षी मी चांदीचे नॅनोकण एका रिव्ह्यूवरून बनवायला गेलो. पद्धत एका ओळीत होती. पिवळं द्रावण यायला हवं, माझं दर वेळी काळपट होऊन खाली बसायचं. असं चारदा झालं. शेवटी मूळ पेपर उघडला. बोरोहायड्राइड बर्फात गार ठेवा, सिल्व्हर नायट्रेट थेंबाथेंबानं घाला, घालून झालं की ढवळणं थांबवा, नाहीतर कण एकमेकांना चिकटतात. त्या लोकांचंही आधी बिघडलं होतं, आणि कसं बिघडलं ते त्यांनी लिहून ठेवलं होतं.

रिव्ह्यू अजून टेबलावरच असतो. फक्त आता तो मी मागून उघडतो, संदर्भांच्या यादीपासून.