नकाशाचे थर आणि भूमीचे नाव

भूदृश्यरचनेच्या विद्यापीठीय अध्ययनात इयान मॅकहार्ग यांच्या ‘डिझाइन विथ नेचर’ (१९६९) या ग्रंथास मानाचे स्थान आहे, व ते उचितच होय. उतार, मृदा, जलनिःसारण, वनस्पती, इतिहास यांचे पारदर्शक नकाशे एकावर एक ठेवून न्यूयॉर्कमधील स्टेटन बेटावरील महामार्गाची दिशा तपासण्याची त्यांची पद्धती विद्यार्थ्यास रचनेपूर्वी भूमी वाचावयास लावते.

तथापि या वाचनात एक उणीव राहते. थर भूमीचे गुण पृथक् करतात. त्यांचा परस्परसंबंध मात्र छटांच्या गडदपणावर सोपविला जातो. गोव्यातील ‘खाजण’ हा शब्द पाहावा. भरतीचे खारे पाणी बांधाने अडवून व मानशीच्या दारांनी नियंत्रित करून लागवडीस आणलेली सखल भूमी, असा त्याचा अर्थ. मृदेच्या नकाशात ती खारी दिसेल, वापराच्या नकाशात भातशेती. बांध राखणारे श्रम कोणत्याच थरात उमटणार नाहीत. बांध फुटून दुरुस्तीविना राहिला की तेथे कांदळ वाढते, आणि नवा नकाशा त्यास केवळ निसर्ग समजतो.

म्हणून पहिला थर आखण्यापूर्वी विद्यार्थ्याने भूमीची स्थानिक नावे अर्थासह टिपावीत. ज्या श्रमावर भूमी टिकून आहे, त्याची साक्ष पुष्कळदा त्या नावातच असते.