गोळीत मासा मावतो का?

ग्रीनलंडचे इन्युइट लोक मासे, सील खातात म्हणून त्यांना हृदयविकार कमी, असे आपण वाचतो. १९७० च्या दशकात बांग आणि डायरबर्ग या डॅनिश संशोधकांनी त्यांच्या रक्तातील मेद मोजला. हृदयविकाराचे प्रमाण मात्र त्यांनी स्वतः तपासले नाही, सरकारी नोंदींवरून घेतले. त्यावर माशाच्या तेलाच्या गोळ्यांचा डोलारा उभा राहिला. मग अमेरिकेत २५,८७१ जणांवर चाचणी झाली. रोज १ ग्रॅम तेल, सुमारे ५ वर्षे. २०१८ मध्ये निष्कर्ष आला: झटका, पक्षाघात, हृदयविकाराने मृत्यू यांचे एकत्रित प्रमाण लक्षणीय घटले नाही. ताटात मासा आला की प्रथिने येतात, मटण मागे सरते. गोळीने ताट बदलत नाही. वर्गात विचारून पाहा: मोजले काय आणि सांगितले काय?