जुनीं छायाचित्रें व उत्तर कोंकणचा वेष

विल्यम जॉन्सन यांचे 'ओरिएंटल रेसेस अँड ट्राइब्स' या नांवाचे दोन खंड १८६३ व १८६६ सालीं निघाले. पालघर, बोईसर-तारापूर या टापूंतील कोळी-वारल्यांच्या पूर्वींच्या वेषास अशा चित्रांचा आधार घेण्याचा मोह अभ्यासकांस होतो. तो आवरावा, असें आम्हांस वाटतें. ग्रंथाच्या पूर्ण नांवांतच मुंबईचे रहिवासी व पाहुणे असा उल्लेख आहे. शिवाय पुष्कळ ठिकाणीं माणसें एकीकडे टिपून त्यांच्या आकृति दुसऱ्याच देखाव्यावर चिकटविलेल्या आहेत. मागें समुद्र दिसला म्हणून तो सातपाटीचा किनारा ठरत नाहीं. त्या काळची कलोडियनची ओली काच वाळण्यापूर्वींच धुवावी लागे, आणि प्रकाश घेण्यास कांहीं सेकंद जात. ओढतें जाळें किंवा भाताची लावणी तींत येणार कशी? कामाचा नुसता आविर्भाव तेवढा उतरे. रंगाचें तर विचारूंच नये. त्या काचेवर तांबडा रंग काळपट उमटे व निळा पांढुरका. लुगड्याच्या छटेवरून अनुमान बांधणें व्यर्थ होय. नेसण्याची तऱ्हा मात्र आम्ही ग्राह्य मानतों. कासोटा, निऱ्या, पदर हीं चिकटविण्यानें बदलत नाहींत. तीही साक्ष आकृति कोणाची व कोठली हें ठरल्यावरच पालघरच्या पदरांत घालावी.