‘अबीर गुलाल’ पूर्ण ऐकलंय का?

आषाढी आली की माझ्या फोनवरचे निम्मे स्टेटस ‘अबीर गुलाल’वर असतात. पं. जितेंद्र अभिषेकींचा आवाज, वारीचे ड्रोन शॉट, तीस सेकंद रंगांची उधळण. स्टेटस संपतं तिथून पुढे मात्र गाणं वेगळंच काही सांगतं. पहिल्याच अंतऱ्यात गाणारा विचारतो की, माझी जात ही अशी, मी देवळाच्या उंबऱ्याला हात तरी कसा लावायचा? इतक्या उत्सवी चालीत हा प्रश्न येतो आणि आपण टाळ्या वाजवत पुढे जातो.

मी छावणीत वाढलो. नागसेनवन घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर. बाबासाहेबांनी १९५० साली उभं केलेलं मिलिंद महाविद्यालय तिथे आहे, माझे वडील तिथेच शिकले. भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब. अशा घरात आजी गहू निवडताना हे गाणं गुणगुणायची. वडील चिडायचे. “दाराबाहेरचं प्रेम आपल्याला नको, आई.” आजी वाद घालायची नाही, नुसती गप्प व्हायची. ती गेल्यावर मी चोखोबांचे अभंग वाचायला घेतले. वडिलांचं खरं होतं का, एवढंच बघायचं होतं.

आधी गाण्याबद्दल. ते चोखोबांच्या नावावर आहे, पण ध्रुपदात ‘नाथा’चं घर येतं. हे नाथ एकनाथ असतील, तर ते चोखोबांनंतर दोनेकशे वर्षांनी झाले. म्हणजे यात नंतरचा कुणाचा तरी हात मिसळला असणार. म्हणून एका गाण्यावर निकाल द्यायला नको.

चोखोबा मंगळवेढ्याचे, जातीने महार, नामदेवांच्या मेळ्यातले. त्यांच्या कथांमधला देव फार प्रेमळ आहे. सोयराबाईंच्या बाळंतपणात तो नणंदेचं रूप घेऊन राबतो, चोखोबांबरोबर मेलेली ढोरं ओढतो. एका कथेत तर त्यांना हाताला धरून गाभाऱ्यात नेतो. त्यावर बडवे काय करतात? चोखोबांनाच नदीपलीकडे घालवतात. आमच्या कामाच्या भाषेत सांगायचं, तर मालकाने परवानगी दिली तरी सिस्टीम लॉगिन करू देत नाही. आणि या कथेत मालक सिस्टीम बदलत नाही, स्वतःच बाहेर जाऊन भेटतो.

१३३८ साली मंगळवेढ्यात भिंतीचं काम करताना ती कोसळून चोखोबा गेले. परंपरा सांगते, नामदेवांनी त्यांच्या अस्थी पंढरपुरात आणल्या. समाधी आजही महाद्वारासमोर आहे, देवळाबाहेर. दार उघडलं ते साने गुरुजींनी मे १९४७मध्ये उपोषण केल्यावर. मधे ६०९ वर्षं गेली. एवढा काळ देव प्रेम करत होता आणि दार बंद होतं. कथांपुरतं वडिलांचं खरं होतं. या कथा बाहेरच्याला धीर देतात आणि आतल्याला निर्धास्त ठेवतात.

पण अभंग म्हणजे कथा नव्हेत. चोखोबांचा उसाचा अभंग तुम्हाला शाळेतून आठवत असेल. वरून वाकडा असला तरी रस वाकडा नसतो, असा त्याचा आशय. मला तो आता अपुरा वाटतो, कारण त्यात ऊस वाकडा असल्याचं आधीच मान्य केलंय. काही अभंगांत तर चोखोबा आपल्या जन्माचा दोष मागच्या जन्मावर टाकतात. तिथे वाचताना राग येतो.

सोयराबाई मात्र हे मान्यच करत नाहीत. विटाळ देहातच असेल, तर तो नसलेला देह दाखवा, असा त्यांचा सवाल आहे. इथे दयेचा प्रश्नच उरत नाही, कारण सोवळा कुणीच उरत नाही. मुलगा कर्ममेळा आणखी पुढे जातो. उष्ट्यावर जगायला लावल्याबद्दल तो थेट देवाला जाब विचारतो. नवरा विनवतो, बायको वाद घालते, मुलगा भांडतो. एका घरातले हे तीन सूर एकत्र वाचल्याशिवाय चोखोबा कळत नाहीत. आपण स्टेटसला ठेवतो तो फक्त पहिला, तोही अर्धा.

मला वाटतं, या घराची मागणी प्रेमाची नव्हतीच. देवाचं आपल्यावर प्रेम आहे हे ते धरूनच चालतात. त्यांचं म्हणणं इतकंच, की प्रेम असेल तर त्याचा परिणाम दारावर दिसला पाहिजे.

बाबासाहेबांनी १९३०मध्ये काळाराम मंदिराचा सत्याग्रह केला, १९३५मध्ये येवल्यात धर्मांतराची घोषणा केली. तरीही १९४८च्या ‘द अनटचेबल्स’ची अर्पणपत्रिका तीन अस्पृश्य संतांना आहे, त्यांपैकी एक चोखामेळा. धर्म सोडायचा म्हणजे या माणसांनाही सोडायचं, असं त्यांना वाटलं नाही.

ही अर्पणपत्रिका मी वडिलांना फोनवर दाखवली. त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचली. म्हणाले, “आईला गाऊ द्यायला हवं होतं.”