रहस्यकथेंतील विदूषक

कुर्ल्यांतील एका स्नेह्यांच्या घरीं राजा नवाथे यांनीं दिग्दर्शित केलेला ‘गुमनाम’ (१९६५) हा हिंदी बोलपट पुन्हा पाहण्याचा योग नुकताच आला. आजीबाईंपासून शाळकरी नातवापर्यंत सारी मंडळी जमली होती. खून पडला कीं सगळे स्तब्ध होत, आणि मेहमूद यांचा खानसामा दिसतांच खदखदून हंसत. भय आणि हास्य हीं एकाच बैठकींत कशीं नांदतात, आणि कोणी कोणाचा बळी घेतो, याचा येथें थोडा विचार करूं.

या बोलपटाचें मूळ अगाथा ख्रिस्ती यांच्या १९३९ सालच्या कादंबरींत आहे, हें जाणत्या वाचकांस सांगावयास नको. श्रेयनामावलींत मात्र बाईंचें नांव नाहीं. कायद्याच्या हातीं न लागलेले दहा अपराधी एका बेटावर एकत्र येतात आणि एकामागून एक मरतात. मुलांच्या एका गमतीच्या गाण्यावरून त्या मृत्यूंचा क्रम ठरतो. म्हणजे मूळ कृतींतहि हास्य आहेच. पण तें अंगावर कांटा आणणारें आहे.

नायक-नायिकेस जिवंत ठेवल्याबद्दल ‘गुमनाम’ला दोष देणें न्यायाचें होणार नाहीं. ख्रिस्ती यांनीं स्वतःच १९४३ च्या नाट्यरूपांतरांत दोघांना वांचविलें होतें, आणि रने क्लेर यांनीं १९४५ च्या चित्रपटांत तोच शेवट स्वीकारला. क्लेर यांच्या चित्रपटांत संशयग्रस्त माणसें कुलुपाच्या भोंकांतून एकमेकांवर पाळत ठेवतात, तो प्रसंग आठवावा. तेथें हंसूं येतें तें संशयांतूनच; म्हणून हंसतांहंसतां भय वाढत जातें.

‘गुमनाम’मध्येंहि आरंभीं हें साधलें आहे. निर्जन ठिकाणीं अडकलेले प्रवासी वाड्यांत शिरतात, तों खानसामा जणूं त्यांची वाटच पाहत असतो! त्याच्या हैदराबादी बोलीनें आपण हंसतों, आणि त्याच वेळीं ‘याला आमच्या येण्याची वर्दी कोणी दिली?’ असा प्रश्न मनांत डोकावतो. परंतु पुढें हेलन यांच्यासह त्याचें स्वप्ननृत्य सुरू होतें, आणि तें संपेपर्यंत खुनी जणूं रजेवर जातो. शिवाय तेथील विनोद त्याच्या काळ्या रंगावर उभा आहे. गाण्यांत तो बिचारा आपल्या मोठ्या मनाची ग्वाही देतो. प्रेक्षक मात्र त्या रंगालाच हंसतो. हें हंसूं आज तरी निखळ वाटत नाहीं.

‘बीस साल बाद’ (१९६२) या, कॉनन डॉइल यांच्या बास्करव्हिल-कथेची छाया असलेल्या बोलपटांत, असित सेन यांचा गुप्तहेर गोपीचंद असाच हंसवून जातो. हिंदी बोलपटानें गुप्तहेराच्या बुद्धीचा मान राखण्याऐवजीं त्याला विदूषकाची टोपी घालावी, हें खेदाचें आहे. उत्तम रहस्यकथा अखेर आपल्याला अपराधाचा विचार करावयास लावते. विदूषकानें तो विचार विसरावयास लावला, तर करमणूक होते, पण कथा मरते.

बैठक रंगांत आली असतां नातू आजीच्या कानांत पुटपुटला, “हाच खुनी असणार, म्हणून तर इतका हंसवतो!” त्याचा तर्क खरा ठरला कीं नाहीं, तें आम्हीं येथें सांगत नाहीं. परंतु रहस्यपटांतील विनोदाचें खरें काम त्या मुलाला, तो बोलपट रचणारांहूनहि, अधिक नेमकें कळलें होतें.