'आधी कोण?' हा प्रश्न आणि बाजूला पडलेलं एक गाणं

आजचा विषय कळल्यावर एका जुन्या सहकाऱ्यांनी मला फोनवर विचारलं, "काय हो, आयुष्यभर अॅरिस्टॉटल शिकवलात आणि आता ही गिटारवाली पोरं?" म्हटलं, या तुम्ही, अॅरिस्टॉटलही येणार आहे. (हशा)

1960 च्या दशकातल्या ब्रिटिश बीट ग्रुपांचा विषय निघाला की सामना ठरलेला असतो : बीटल्स की रोलिंग स्टोन्स? हा सामना बराचसा वर्तमानपत्रांनी रंगवलेला होता. 1963 मध्ये स्टोन्सचं दुसरं सिंगल आलं, 'आय वॉना बी युअर मॅन'. ते गाणं त्यांना दिलं कोणी? लेनन आणि मॅकार्टनी यांनीच. आपल्या रेकॉर्डी एकाच वेळी बाजारात येऊन टक्कर होऊ नये, याचीही दोन्ही ग्रुप काळजी घेत. पण दोन पैलवानांवर सगळ्यांची नजर खिळली की कडेला कोण उभं आहे ते दिसत नाही. कडेला होते किंक्स.

उत्तर लंडनमधल्या रे आणि डेव्ह डेव्हिस या भावांचा हा ग्रुप. जानेवारी 1965 मध्ये ऑस्ट्रेलियाच्या दौऱ्यावर जाताना ही मंडळी मुंबईत थांबली. भल्या पहाटे रे डेव्हिसला समुद्रकिनाऱ्यावर गाण्याचा आवाज आला. मच्छीमार जाळी घेऊन कामाला निघाले होते आणि गात होते. ही आठवण त्याने पुढे अनेकदा सांगितली आहे. त्या आवाजातून जे गाणं झालं ते 'सी माय फ्रेंड्स', जुलै 1965. ब्रिटनमध्ये ते दहाव्या क्रमांकापर्यंत गेलं. ज्यांची दोन गाणी आधीच पहिल्या क्रमांकावर जाऊन आली होती, त्यांच्या मानाने हे यश बेताचंच. अमेरिकेत तर ते चाललंच नाही.

आता वाद बघा. भारतीय वळणाचं पॉप गाणं आधी कोणी केलं? बीटल्सचं 'नॉर्वेजियन वुड' आलं डिसेंबर 1965 मध्ये, म्हणजे किंक्स आधी. पण यार्डबर्ड्सचं 'हार्ट फुल ऑफ सोल' जूनमध्येच आलेलं. म्हणजे तेही आधी! खुद्द रे डेव्हिसलाही हा प्रश्न सुटला नाही. 1966 च्या जुलैमध्ये एका संगीत-साप्ताहिकासाठी त्याने बीटल्सच्या 'रिव्हॉल्व्हर'वर अभिप्राय दिला. त्यात जॉर्ज हॅरिसनच्या 'लव्ह यू टू'बद्दल तो म्हणाला, असली गाणी मी दोन वर्षांपूर्वी करत होतो. गंमत अशी की 'सी माय फ्रेंड्स' येऊन तेव्हा जेमतेम एक वर्ष झालं होतं. स्पर्धेत माणसाचं कॅलेंडरसुद्धा ताणलं जातं. (हशा)

इथे अॅरिस्टॉटल लागतो. 'कॅटेगरीज' या ग्रंथात तो दाखवतो की 'आधी' या शब्दाचा एकच अर्थ नाही. काळाने आधी असणं निराळं आणि ज्याच्यावर दुसरं अवलंबून असतं, त्या अर्थाने आधी असणं निराळं. रेकॉर्डींच्या तारखा पहिल्या अर्थाचं उत्तर देतात. समीक्षेला दुसरा अर्थ हवा : या गाण्यात मुळाशी काय आहे? कशावर ते उभं आहे?

म्हणून तिन्ही गाणी शेजारी ठेवून ऐका. यार्डबर्ड्सनी सतारवादक बोलावला होता, पण शेवटी जेफ बेकने गिटारवर तसा आवाज काढला. त्यांनी घेतली ती सतारीची नक्कल. बीटल्सनी प्रत्यक्ष सतार घेतली, पण ती येते एका सुरेख इंग्रजी चालीवरच्या नक्षीसारखी. सतार काढली तरी गाणं उरतं. किंक्सच्या गाण्यात सतार नाहीच. तिथे बारा तारांच्या गिटारचा एक घुमारा आहे, सतत धरून ठेवलेला, आपल्या तंबोऱ्यासारखा. तो काढा, गाणं कोसळतं. दोघांनी रंग घेतला, किंक्सनी जमीन घेतली. हा फरक तारखांच्या यादीत सापडत नाही, तो कानानेच कळतो.

मी हे गाणं पहिल्यांदा ऐकलं ते एका विद्यार्थ्याने भरून दिलेल्या कॅसेटवर, आणि मुंबईची हकीकत कळल्यावर मला भलताच अभिमान वाटला. वर्गात सांगून टाकलं, "हे आपलं गाणं!" आज मला ते वाक्य चुकीचं वाटतं. कारण तोही 'आधी कोण'चाच खेळ, फक्त झेंडा बदललेला. यात राग नाही, कोळीगीताचा ठेका नाही. मधल्या भागात तर चाल सरळ इंग्रजी पॉपच्या वाटेने जाते, आणि तिथे गाणं थोडं सैलही पडतं, असं माझं मत आहे.

मग किनाऱ्यावरून आलं काय? किनाऱ्यावर माणसं एकत्र गात होती, कामाला निघालेली. डेव्हिसच्या गाण्यात एकटा माणूस आहे. त्याची ती गेलेली आहे आणि मित्र आहेत ते नदीच्या पलीकडे. समूहाचा सूर त्याने ऐकला आणि त्या सुरात नसलेल्या माणसाचं गाणं केलं. तो घुमारा म्हणजे पलीकडून येणारा आवाज आहे, ज्यात याला सामील होता येत नाही. ही उसनवारी नव्हे. ऐकलेल्या गोष्टीला दिलेलं उत्तर आहे.

आणि एक गोष्ट टोचते ती सांगतो. किंक्स मागे पडले, असं आपण हळहळून म्हणतो. पण त्यांचं नाव, रेकॉर्ड, तारीख सगळं शाबूत आहे. त्या पहाटेच्या गाणाऱ्यांचं या कथेत एकही नाव नाही. विस्मृतीच्याही पायऱ्या असतात, मंडळी. वरच्या पायरीवरच्याला हात देताना खालची पायरी आहे एवढं तरी म्हणू या.

तेव्हा घरी गेल्यावर एवढंच करा. 'पहिलं कोणतं' हे विसरून तिन्ही गाणी ओळीने ऐका, आणि किंक्सचं ऐकताना शब्द सोडून फक्त तो घुमारा धरा. मग ठरवा, मी म्हणतो ते पटतं की नाही. नाही पटलं तर प्रश्नोत्तरांना मी आहेच.