नैसर्गिक म्हणजे निर्धोक?

एका तालुक्याच्या गावी भरलेल्या शालेय प्रदर्शनात आम्ही परीक्षक म्हणून गेलो होतो. 'शंभर टक्के नैसर्गिक रंग' अशी पाटी असलेल्या टेबलावर आठवीतल्या तीन मुलींनी सहा वाट्या मांडल्या होत्या. हळदीचा पिवळा, पालकाचा हिरवा, बिटाचा गुलाबी, गेरूचा तांबडा, कोळशाचा काळा आणि सहाव्या वाटीत झगझगीत केशरी. त्या रंगांनी काढलेली चित्रे मागच्या पुठ्ठ्यावर लावली होती. मुली आत्मविश्वासाने बोलत होत्या. आम्ही त्यांना पहिला क्रमांक दिला.

परतीच्या एस.टी.त आमच्यातल्या एकाने विचारले, "ते केशरी कशाचे होते हो?" विचारले आम्ही सर्वांनीच होते आणि उत्तरही मिळाले होते. एक मुलगी म्हणाली होती, "शेंदूर आहे सर. देवाला लावतात तो. नैसर्गिकच ना?" आम्ही मान डोलावून पुढच्या टेबलाकडे वळलो होतो. तिची बोटे केशरी होती आणि जेवणाची सुट्टी व्हायला दहा मिनिटे उरली होती.

पारंपरिक शेंदूर म्हणजे शिशाचे लाल ऑक्साइड. आज बाजारात मिळणाऱ्या पुडीत कधी ते असते, तर कधी खडूच्या भुकटीवर चढवलेला कृत्रिम रंग असतो. पुडीकडे नुसते पाहून त्यातला फरक सांगता येत नाही. त्या वाटीत काय होते हे आम्ही विचारायला हवे होते. 'नैसर्गिक' ही पाटी वाचली आणि आमच्यातला विज्ञानशिक्षक झोपी गेला.

ही चूक मुलींची नव्हती. कृती त्यांनी एका हस्तकलेच्या पुस्तिकेतून घेतली होती. त्यानंतर आम्ही अशा बऱ्याच पुस्तिका आणि कार्यशाळांची टिपणे मिळवून वाचली. 'पर्यावरणस्नेही कला' या नावाखाली शाळांपर्यंत पोहोचणाऱ्या या साहित्याविषयी काही स्पष्ट लिहावे असे वाटले, म्हणून हा लेख.

आधी या पुस्तिकांचे श्रेय त्यांना दिले पाहिजे. रंग म्हणजे दुकानातली डबी, हा समज त्यांनी मोडला. मुलांना परसात, स्वयंपाकघरात आणि ओढ्याकाठी रंग शोधायला लावले. ज्या शाळेत चित्रकलेच्या साहित्याला पैसे नसतात, तिथे गेरू, चुना आणि कोळसा यांवर वर्षभर काम चालू शकते, हे दाखवून दिले. वारली घरांच्या भिंतींवर तांदळाच्या पिठाने आणि बांबूच्या काडीने काढलेली चित्रे आपण सर्वांनी पाहिली आहेत. साहित्य साधे असले म्हणून कला उणी ठरत नाही, हे या पुस्तिकांनी शाळेत आणले. त्यांचा हेतू चांगला आहे. आमची तक्रार त्यांतल्या विचाराबद्दल आहे.

पहिली तक्रार अशी की या पुस्तिका जगाची दोनच खात्यांत वाटणी करतात. नैसर्गिक ते चांगले, रासायनिक ते वाईट. पण पदार्थाचा गुण त्याच्या जन्मस्थानावर ठरत नाही. हरताळ हे खनिज जमिनीतून निघते. सोन्यासारखा पिवळा असा हा रंग म्हणजे अर्सेनिक आणि गंधक यांचे संयुग. जुन्या पोथ्यांत चुकलेल्या अक्षरांवर तो लावून ती झाकत असत. 'हरताळ फासणे' हा आपला वाक्प्रचार त्यातूनच आला. हिंगूळ हेही खनिजच, आणि तो पारा व गंधक यांचा बनलेला असतो. दोन्ही अस्सल नैसर्गिक आहेत, आणि दोन्ही मुलांच्या हाती देण्याजोगे नाहीत.

उलट दिशेचे उदाहरणही आहे. जुन्या काळचा सफेदा शिशापासून करत. विसाव्या शतकात त्याची जागा टायटॅनियम डायॉक्साइडच्या पांढऱ्या रंगाने घेतली. हा कारखान्यात तयार होतो, म्हणजे पुस्तिकांच्या भाषेत 'रासायनिक'. त्याच्या कारखान्यातून सांडपाणी निघते हे खरे, पण रंगवणाऱ्याच्या दृष्टीने तो सफेद्यापेक्षा कितीतरी सुरक्षित आहे. याचा अर्थ कारखान्याचा रंग नेहमीच बरा असा मात्र नाही. 1775 साली शेले या रसायनशास्त्रज्ञाने तांबे व अर्सेनिक यांचा एक सुंदर हिरवा रंग तयार केला. एकोणिसाव्या शतकात युरोपातल्या घरांच्या भिंतींवरच्या कागदांत तो सर्रास वापरला गेला आणि त्याने माणसे आजारी पाडली.

नावेही फसवतात. शेंद्री नावाचे एक झाड आहे. त्याच्या बियांवरच्या आवरणातून सुरेख केशरी रंग निघतो आणि तो खाद्यपदार्थांतही वापरतात. शेंद्री आणि शेंदूर यांत उच्चाराचा फरक थोडा, पण एक बी आहे आणि दुसरे शिसे. पुस्तिकेत 'केशरी : शेंदूर' अशी एका ओळीची नोंद करणाऱ्याने हा फरक सांगायला नको होता का?

शिशाबद्दल इतका आग्रह का, असे कोणी विचारील. मुलाच्या पोटात गेलेले शिसे मोठ्या माणसाच्या तुलनेत चार ते पाच पट अधिक प्रमाणात शरीरात शोषले जाऊ शकते. त्याचा परिणाम वाढत्या मेंदूवर होतो, आणि त्याची सुरक्षित म्हणता येईल अशी कोणतीही पातळी आजवर ठरवता आलेली नाही. म्हणूनच भारत सरकारने 2016 साली नियम करून घरगुती व सजावटीच्या रंगांतील शिशाला दहा लाख भागांत 90 भाग ही मर्यादा घातली. ती 1 नोव्हेंबर 2017 पासून लागू आहे. पण पूजेच्या सामानाच्या दुकानात सुट्या मिळणाऱ्या पुडीवर रंगाच्या डब्यासारखा मजकूर नसतो. हळदीचीही तीच गोष्ट. ती अधिक पिवळी दिसावी म्हणून तिच्यात शिशाचे क्रोमेट मिसळल्याची प्रकरणे भारतीय उपखंडात उघडकीस आली आहेत. सुटी, भडक हळद नैसर्गिक म्हणून आणावी आणि तिच्यातून शिसे यावे, असे होऊ शकते.

आणखी एक उदाहरण खळीचे. बाजारच्या गोंदाऐवजी घरी केलेली मैद्याची खळ वापरावी, हा सल्ला उत्तमच. पण ती टिकावी म्हणून तीत चिमूटभर मोरचूद घालावा, असेही काही टिपणांत आढळते. पुस्तकबांधणी करणारे ते करत आले आहेत. मोरचूद विषारी आहे आणि पाचवी-सहावीतली मुले खळीची बोटे सहज चाटतात. लागेल तेवढीच खळ करून उरलेली त्याच दिवशी कंपोस्टच्या खड्ड्यात टाकणे, हा साधा उपाय लिहायला एक ओळ पुरली असती.

दुसरी तक्रार अधिक शैक्षणिक स्वरूपाची आहे. या पुस्तिका रंग करायला सांगतात आणि तिथेच थांबतात. पुढे त्या रंगाचे काय होते? आम्ही एक साधा प्रयोग केला. जाड कागदावर हळद, पालक, बीट, गेरू आणि कोळसा यांचे पट्टे बाभळीच्या डिंकात कालवून ओढले. कागदाचा अर्धा भाग पुठ्ठ्याने झाकला आणि तो पूर्वेच्या खिडकीत लावला. पंधरा दिवसांनी पुठ्ठा काढला. उघड्या भागातली हळद जवळजवळ नाहीशी झाली होती. बिटाचा गुलाबी मळकट तपकिरी झाला होता, पालकाचा हिरवा पिवळसर पडला होता. गेरू आणि कोळसा मात्र दोन्ही बाजूंना सारखेच होते.

असे का झाले? हळद, बीट आणि पालक यांचे रंग सेंद्रिय रेणूंचे असतात. प्रकाश आणि हवा यांच्यामुळे ते रेणू बदलतात वा मोडतात. गेरू म्हणजे मातीतले लोहाचे ऑक्साइड आणि कोळसा म्हणजे कार्बन. हे घन कण डिंकाने कागदाला चिकटून बसतात आणि उन्हाने त्यांचे काही बिघडत नाही. पहिल्या प्रकाराला आपण रंजक म्हणू आणि दुसऱ्याला रंगद्रव्य. वनस्पतींचे सर्वच रंग कच्चे असतात असेही नाही. मंजिष्ठेचा लाल तुरटीच्या साहाय्याने धाग्याला घट्ट धरतो. निळीचा रंग पाण्यात विरघळत नाही, म्हणून कापडावर टिकतो. पण कापड रंगवण्याची कृती जशीच्या तशी कागदावर चालेलच असे नाही.

अजिंठ्याच्या चित्रकारांना हा भेद पक्का ठाऊक असावा असे त्यांच्या निवडीवरून दिसते. पिवळी व तांबडी माती, दिव्याची काजळी, पांढऱ्यासाठी चुना आणि तत्सम खनिजे, तिथल्याच काळ्या पाषाणात सापडणारी हिरवी माती, हे त्यांचे साहित्य. निळा रंग जवळ मिळेना, तेव्हा पाचव्या शतकातल्या चित्रांसाठी दूर अफगाणिस्तानातला राजावर्त दगड आणला गेला. दीड हजार वर्षांनंतरही हे रंग आपण पाहू शकतो. पालकाचा रस वापरला असता तर आज पाहायला काय उरले असते?

रंग उडतो म्हणून पालकाचा रस वर्गात आणूच नये, असे आम्ही म्हणत नाही. उलट तो अवश्य आणावा, पण उडणारा रंग हाच धडा करून. आमच्या मते पुस्तिकांचे सर्वांत मोठे नुकसान इथे होते. एक उत्तम प्रयोग त्यांच्या हातातून निसटतो, आणि दोन महिन्यांनी फिकट पडलेले आपले चित्र पाहून मूल एवढेच शिकते की नैसर्गिक रंग वाईट असतात.

तिसरी तक्रार 'टाकाऊतून टिकाऊ' या लाडक्या सदराविषयी. शाळेजवळच्या कोणत्याही स्टेशनरीच्या दुकानात उभे राहा. आइस्क्रीमच्या काड्यांचे कोरे गठ्ठे, नव्या स्ट्रॉ, नवे कागदी पेले 'टाकाऊतून टिकाऊ'साठी विकत घेतले जाताना दिसतील. टाकाऊ वस्तू विकत आणायची आणि प्रदर्शन संपल्यावर तिला खरोखरच टाकाऊ करायचे, असा हा उलटा व्यवहार आहे. वर चमकी शिंपडायची. ही चमकी बहुधा प्लॅस्टिकच्या पातळ पत्र्याचे बारीक तुकडे असते. ती झाडून गोळा होत नाही आणि धुतली की गटारात जाते. युरोपीय संघाने ऑक्टोबर 2023 पासून सुट्या प्लॅस्टिक चमकीच्या विक्रीवर बंदी आणली. आपल्याकडे महाराष्ट्र शासनाने 2018 साली सजावटीच्या थर्मोकोलवर बंदी घातली, पण चमकीचा प्रश्न शाळेने स्वतःच सोडवायचा आहे. अरविंद गुप्ता यांची खेळणी आठवा. काड्यापेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे यांतून त्यांनी भूमिती शिकवली. तिथे वस्तू हाताशी असते म्हणून वापरली जाते, यादी करून आणली जात नाही.

गणेशमूर्तीच्या कार्यशाळांतही हीच अर्धवट बाजू दिसते. 'शाडू पाण्यात विरघळतो, प्लॅस्टर विरघळत नाही' असे वाक्य ठिकठिकाणी छापलेले असते. खरे तर शाडू विरघळत नाही. त्याचे कण सुटे होतात आणि तळाशी गाळ म्हणून बसतात. घट्ट झालेले प्लॅस्टर मात्र थोडे विरघळते, एका लिटर पाण्यात सुमारे 2 ग्रॅम. दोन किलोची मूर्ती वीस लिटरच्या बादलीत ठेवली तर फार तर 40 ग्रॅम विरघळेल आणि बाकीची तशीच राहील. हे गणित आठवीच्या वर्गात पाच मिनिटांत होते, आणि त्यातूनच पुढचे प्रश्न निघतात. शाडूच्या मूर्तीवरचा रंग कोणता होता? तळाशी बसलेला गाळ कोणाच्या विहिरीत वा ओढ्यात गेला? मूर्ती न रंगवता ठेवली आणि बादलीतच विसर्जन केले, तर तोच शाडू वाळवून पुढच्या वर्षी का वापरू नये?

चांगल्या पुस्तिकेकडून आमची अपेक्षा फार मोठी नाही. प्रत्येक कृतीखाली तीन प्रश्नांची उत्तरे असावीत. हा पदार्थ कशाचा बनला आहे? तो मुलाच्या बोटावर, श्वासात किंवा तोंडात कसा जाऊ शकतो? काम झाल्यावर तो कुठे जाणार? ज्या पदार्थाबद्दल पहिल्याच प्रश्नाचे उत्तर मिळत नाही, तो वर्गात आणू नये, मग त्यावर पान छापलेले असो वा फूल. भुकटी कोरडी उडवू नये, ती ओलसर करून कालवावी. स्वयंपाकाची भांडी रंगासाठी घेतली तर ती पुन्हा स्वयंपाकात नेऊ नयेत. आणि सर्वांत सोपा नियम म्हणजे जे आहे ते आधी पुरवून वापरावे. पाठकोरा कागद आणि शेवटपर्यंत झिजवलेली पेन्सिल यांच्याइतके पर्यावरणस्नेही साहित्य दुसरे नाही, आणि त्यासाठी कोणतीही पाटी लावावी लागत नाही.

आम्ही त्या शाळेत पुन्हा गेलो. मुलींना वाटले की बक्षीस परत मागायला आलो आहोत. आम्ही त्यांना आमची चूक सांगितली, शेंदूर म्हणजे काय ते सांगितले, आणि ती पुडी बंद करून बाजूला ठेवली. केशरी प्रश्न विचारणारी ती मुलगी थोडा वेळ गप्प होती. मग म्हणाली, "सर, हळद आणि गेरू मिसळले तर?" तिने ते मिसळले. केशरी उतरले, जरा मातकट, पण केशरीच. त्यातली हळद उन्हात उडेल आणि गेरू राहील, हे तिचे तिनेच सांगितले. तो कागद अर्धा झाकून आता त्यांच्या वर्गाच्या खिडकीत लावला आहे.